सकाळचं पोट, संध्याकाळचं पोट

आमच्या भागातल्या बायका पोट सेंटिमीटरमध्ये मोजत नाहीत, परकराच्या नाडीवर मोजतात. "सकाळी बांधलेली नाडी दुपारी सैल करावी लागते बघा." "नाडीचे वळ उठतात कमरेला." कुणी म्हणतं पोट डब्ब होतं, कुणी म्हणतं गुबारा धरतो, कुणी नुसताच पोटावरून हात फिरवून दाखवतं. मिरजेत आहारतज्ज्ञ म्हणून काम करायला लागल्यापासून मी हे इतक्या बायकांकडून ऐकलं आहे की माझ्या वहीत आता नाडीसाठीही एक रकाना आहे.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं आणि तेव्हापासून जत, कवठेमहांकाळ, तासगावची, पलीकडं कर्नाटकातल्या अथणी-चिक्कोडीपर्यंतची माणसं दुखणं घेऊन मिरजेची वाट धरतात. मी बसते तो दवाखाना लहान आहे. एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक फिजिशियन आणि कोपऱ्यातल्या खोलीत मी. चाळीस ते पंचावन्न या वयातल्या बायका माझ्याकडं येतात तेव्हा हातातल्या चिठ्ठीवर बहुधा दोनच शब्द असतात : वजन, गॅस.

तोवर त्यांना घरातून, औषधाच्या दुकानातून, कधी शेजारणीकडून दोनपैकी एक उत्तर मिळालेलं असतं. 'गॅस आहे', नाही तर 'वयाचंच आहे, पाळी जायच्या वेळी असं व्हायचंच'. पहिल्या उत्तराबरोबर सोड्याची पुडी मिळते, दुसऱ्याबरोबर काहीच मिळत नाही. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण दोन्ही उत्तरं बाईचं बोलणं तिथंच थांबवतात, आणि मला ते सर्वांत जास्त खुपतं. पंचेचाळिशीतली बाई 'पोट फुगतंय' म्हणते तेव्हा त्यात तिची झोप असते, पाळी असते, संडासला जायला न मिळालेला वेळ असतो, रात्री सगळ्यांच्या मागून केलेलं जेवण असतं, पर्समधल्या गोळ्या असतात. क्वचित एखादं मोठं दुखणंही असतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न खाण्याचा नसतो. मी विचारते, "सकाळी उठल्यावर, चहा घ्यायच्याही आधी, पोट कसं असतं?"

बहुतेकींचं उत्तर असतं, "सकाळी काही नसतं हो, अगदी हलकं असतं. दिवस चढेल तसं फुगतं." हे ऐकलं की मला हायसं वाटतं. रात्रभरात जे पोट खाली बसतं, त्याच्याशी बोलता येतं.

तासगावकडच्या एका शाळेतल्या बाई अशाच आल्या होत्या. वय ४६. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. सकाळी पोट सपाट आणि शाळा सुटायच्या वेळेला निऱ्या पोटावर थांबायला तयार नाहीत. सहकारी शिक्षिका गमतीनं 'कितवा महिना' विचारायच्या आणि त्यांना ते फार लागायचं. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. थायरॉइड ठीक, सोनोग्राफी ठीक. रिपोर्टची पिशवी टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे म्हणतात. मग मला होतंय ते काय आहे?"

त्यांना मी जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर लिहिते, कारण हे बायकांना कुणी नीट सांगतच नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडं त्याचं सरासरी वय ४६-४७ मानलं जातं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. पण शरीरातली उलथापालथ त्याच्या कितीतरी आधी, काही वर्षं, सुरू झालेली असते. या काळात दर महिन्याला अंडाशयातून बीज सुटेलच असं नसतं. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन फारसं तयार होत नाही. इस्ट्रोजेनही शिस्तीत खाली येत नाही, एका महिन्यात तरुणपणापेक्षा वर चढतं आणि पुढच्या महिन्यात कोसळतं. आतड्याच्या भिंतीला या दोन्ही संप्रेरकांची भाषा कळते. प्रोजेस्टेरॉन आतड्याच्या स्नायूंना सैल करतं, म्हणून पाळीच्या आधीच्या दिवसांत अन्न सावकाश पुढं सरकतं, पोट जड होतं, शौचाला कडक होतं. पाळी आली की प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर उलट होतं, पोट सैल होतं. बाईला हे तीस वर्षांत पाठ झालेलं असतं, कोणत्या दिवशी काय होणार हे ती सांगू शकते. चाळिशीनंतर तो क्रम मोडतो. तीच लक्षणं येतात, पण कधी येतील आणि किती दिवस राहतील याचा भरवसा राहत नाही.

त्यात झोप जाते. रात्री अंगातून वाफा निघतात, घामानं जाग येते. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'स्वान' या दीर्घ अभ्यासात असं दिसलं की ज्यांना वारंवार वाफा येतात त्यांतल्या निम्म्या बायकांना हा त्रास सात वर्षांहून अधिक काळ राहतो. अपुऱ्या झोपेनंतर आतडं जास्त हळवं होतं, एरवी जाणवणार नाही एवढा ताणही दुखतो. शिक्षिकाबाईंना झोपेबद्दल आजवर कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा त्या रडल्या.

मग गॅसचं काय? बार्सिलोनातल्या फर्नांडो आस्पिरोस यांच्या गटानं पोट फुगलेलं असतानाच रुग्णांचे सीटी स्कॅन काढले होते. अनेकांच्या पोटात गॅस नेहमीपेक्षा फार वाढलेला नव्हताच. छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल खाली दाबलं गेलं होतं आणि पोटाची पुढची भिंत सैल पडली होती. म्हणजे थोड्याशा गॅसला किंवा भरल्या पोटाला शरीर चुकीचा प्रतिसाद देत होतं. हे वाचल्यापासून माझं बोलणं बदललं. 'फुगलंय ते खोटं नाही, पण सगळा गॅसच आहे असंही नाही' हे मी बायकांना आता सांगू शकते. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या, सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटाचे स्नायू आधीच सैल असतात, त्यात वयानं स्नायू उतरतात. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं खुर्चीत टेकून, खांदे सोडून, सावकाश लांब श्वास सोडायचा हा साधा व्यायाम मी तेव्हापासून आहाराच्या कागदावरच लिहिते. काहींना तो गोळीपेक्षा उपयोगी पडतो.

आता खाण्याकडं. माझ्याकडं येणाऱ्या बाईनं त्याआधीच अर्धं ताट रिकामं केलेलं असतं. इचलकरंजीच्या एक काकू आठवतात. त्यांनी हरभरा बंद केला होता, तूर बंद, वांगं, बटाटा, भात, दही, केळं, सगळं बंद. कुणी म्हणालं अमुक वातूळ, सोडलं. कुणी मोबाइलवर पाठवलं तमुक विष, सोडलं. उरलं होतं दुधी, चपाती आणि चहा. वजन उतरलं होतं, दंडाची कातडी लोंबत होती, जिना चढताना मांड्या थरथरत होत्या आणि पोट फुगायचं ते फुगतच होतं. त्यांच्या ताटात मी काय कमी करणार होते? मला वाढवायचं होतं.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी २००५ च्या सुमारास फॉडमॅपची कल्पना मांडली. लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या, मोठ्या आतड्यात जाऊन आंबणाऱ्या काही शर्करा ज्यांचं आतडं हळवं आहे त्यांना त्रास देतात, असा तो विचार. कांदा, लसूण आणि गहू यांतलं फ्रुक्टान, कडधान्यांतले रॅफिनोज-स्टॅकिओज, दुधातलं लॅक्टोज ही त्यांतली ठळक नावं. यादी वाचून आमच्या भागातल्या बाईनं करायचं काय? इथं तिखट म्हणजेच कांदा-लसूण घालून कुटलेली चटणी. उन्हाळ्यात ती वर्षाची करून बरणीत भरतात आणि पोह्यांपासून आमटीपर्यंत सगळ्यात घालतात. कांदा-लसूण बंद म्हटलं की बाईला दोन स्वयंपाक करावे लागणार, आणि ती ते करणार नाही. ती स्वतःचा करणार नाही, कोरडी भाकरी खाऊन उठेल.

त्यामुळं काय सोडायचं हे मी थोडं सांगते आणि कसं करायचं हे जास्त. फ्रुक्टान तेलात विरघळत नाही. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतायच्या, वास उतरला की काढून घ्यायच्या आणि त्या तेलात फोडणी करायची. चव राहते, त्रास कमी होतो. घरच्यांसाठी चटणी वरून घालायची. कडधान्य रात्रभर भिजवायचं, ते पाणी टाकायचं, मोड आणायचे, नीट शिजवायचं. सुरुवात मुगानं आणि अर्ध्या वाटीनं. हरभरा, राजमा, उडीद नंतर. मुख्य म्हणजे तीन चपात्यांऐवजी भाकरी. ज्वारीत हे फ्रुक्टान नगण्य असतं. ज्या घरांत दोन पिढ्या ज्वारी जेवल्या तिथं मुलांच्या डब्यासाठी गहू आला आणि आईनंही तोच धरला. काकूंना भाकरी परत सुरू करा म्हटल्यावर त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते मला अजून दिसतं. "मला वाटलं भाकरी जड असती," म्हणाल्या. एक-एक जिन्नस आठवड्याच्या अंतरानं परत आणत त्यांचं ताट भरायला काही महिने गेले. शेवटी कच्चा कांदा आणि रात्रीचं पेलाभर दूध एवढंच त्यांना खरोखर सोसत नव्हतं. दुधाऐवजी ताक चाललं. हाडांसाठी दूध प्यायलाच हवं असा आग्रह या वयात सगळीकडून होतो. दूध पचत नसेल तर दही-ताक आहे, तीळ आहेत, १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देणारी नाचणी आहे.

उपवासांबद्दल बोलताना मी जपून बोलते. श्रद्धेच्या आड येणं हे माझं काम नाही, आणि उपवास सोडा म्हणणाऱ्या माणसाकडं बाई पुन्हा येत नाही. पण सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी असं करत काहींचे आठवड्यातले दोन दिवस उपवासाचे असतात, आणि त्या दिवशी पोटात जातो साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्याचं कूट, तूप. तंतू जवळपास नाहीतच. संकष्टीला दिवसभर चहावर राहून चंद्रोदयानंतर रात्री नऊ-दहाला पोटभर जेवायचं आणि लगेच अंग टाकायचं. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं की दोष डाळीला. मी विचारते, भगर चालते ना तुमच्यात? राजगिरा? रताळं? ताक? मग दुपारी भगर-आमटी थोडी खाऊन घ्या, रात्री निम्मं जेवा. हे बहुतेकींना पटतं. एका आजींनी मला सांगितलं, "देवाला पोट फुगवून काय मिळणार आहे?" त्या आजींचं हे वाक्य मी पुढं अनेकींना सांगितलं आहे, आणि माझ्या सल्ल्यापेक्षा ते अधिक ऐकलं जातं.

पण या सगळ्याहून जास्त वेळ मी ज्यावर बोलते तो विषय संडासचा. तो काढला की बायका दाराकडं बघतात. सून बाहेर बसलेली असते, नवरा रिपोर्ट घेऊन उभा असतो. मी दार लावून घेते.

आपल्या आतड्याची सर्वांत मोठी हालचाल सकाळी होते, जाग आल्यावर आणि पोटात पहिलं काही गेल्यावर. ती कळ येते तेव्हा जायला मिळालं पाहिजे. आता घरातली सकाळ बघा. पाचला उठून पाणी भरायचं, सहाला डबे, साडेसहाला मुलाची आंघोळ, सात वाजता नवऱ्याची पाळी, संडास एकच. बाईची कळ येते सहा वाजता, चहाच्या घोटाबरोबर, आणि ती मागं टाकली जाते. रोज मागं टाकलेली कळ हळूहळू यायचीच थांबते. मग मळ साचतो, वरचं अन्न पुढं सरकत नाही, मागं आंबत बसतं, आणि दुपारी चारला नाडी सैल करावी लागते. शिक्षिकाबाईंच्या शाळेत स्वच्छतागृह होतं पण कुलूपबंद आणि पाण्याविना. त्या सकाळी निघाल्यापासून घरी येईपर्यंत पाणी टाळायच्या. भाजी विकणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या, एसटीनं ये-जा करणाऱ्या कितीजणी हेच सांगतात. मुंबईत २०११ मध्ये बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या हव्यात म्हणून 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली, तेव्हा काहींना तो हसण्याचा विषय वाटला होता. माझ्या टेबलावर त्याचे परिणाम रोज येतात. पाणी न प्यायलेली बाई इसबगोल घेते तेव्हा तोच इसबगोल आत घट्ट बसतो. सोनामुखीचं चूर्ण रोज रात्री घेऊन सकाळी पोट साफ करणारी बाई कळ यायची वाट बघणंच सोडून देते.

म्हणून मी कागदावर वेळ लिहून देते. सकाळची पंधरा मिनिटं तिची. त्यासाठी कधी नवऱ्याला आत बोलवावं लागतं. "दादा, सकाळी सहा ते सव्वासहा संडास वहिनींचा. हे औषध आहे असं समजा," असं मी सांगते, आणि बहुतेक पुरुष ते मानतात. त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नसतं. गुडघे दुखतात म्हणून कमोड बसवलेल्या घरांत पायाखाली पाट घ्यायला सांगते, गुडघे कमरेच्या वर आले की मार्ग मोकळा होतो. काहीजणींना कुंथूनही होत नाही, कारण बाळंतपणानंतर खालच्या स्नायूंचा ताळमेळच बिघडलेला असतो. ढिले व्हायचे त्या वेळी ते आवळले जातात. तिथं माझा आहार कामाचा नाही, ओटीपोटाच्या स्नायूंचं काम जाणणारी फिजिओथेरपिस्ट लागते. ती आता मिरजेत मिळते, हे मी आनंदानं सांगते.

गोळ्यांची पिशवी मी नेहमी उलटी करून बघते. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, कॅल्शियम कार्बोनेटनं पोट जड होतं, मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं सुरुवातीला गॅस आणि जुलाब होतात, थायरॉइडची गोळी चहाबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाही आणि थायरॉइड कमी असेल तर आतडं मंदावतं. बदल डॉक्टर करतात, मी फक्त चिठ्ठीवर लिहून त्यांच्याकडं पाठवते.

आणि अलीकडं पिशवीत 'हार्मोन बॅलन्स'ची पाकिटंही सापडतात. आतड्यातले काही जिवाणू यकृतानं बाहेर टाकायला दिलेलं इस्ट्रोजेन पुन्हा मोकळं करतात आणि ते रक्तात परततं, हे विज्ञान खरं आहे. पण त्यावरून अमुक भुकटी घेतली की पाळीचे त्रास आणि पोट दोन्ही ठीक होतील, इथवर ते पोचलेलं नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशननं २०२० च्या मार्गदर्शिकेत हळव्या आतड्यासाठी प्रोबायोटिकची शिफारस संशोधनापुरतीच मर्यादित ठेवली. महिन्याला हजार-दोन हजार रुपये त्यावर घालणाऱ्या बाईला मी त्या पैशांत अंडी, दही, मूग आणि फळं घ्यायला सांगते.

सकाळच्या पोटाच्या प्रश्नाला दुसरंही एक उत्तर येतं : "सकाळी काय, संध्याकाळी काय, तेवढंच असतं. दोन-तीन वर्षांत वाढलंय." हे बहुधा फुगणं नसतं, सुटणं असतं. इस्ट्रोजेन उतरलं की चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडं येते आणि स्नायू घटतात. शिवणाची टेप घेऊन बेंबीवरून सकाळ-रात्र मोजायला सांगितलं की फरक कळतो. इथं ओवा आणि हिंग उपयोगाचे नाहीत. रोज किलोमागं निदान ०.८३ ग्रॅम प्रथिनं, वजन उचलण्याचा व्यायाम आणि डॉक्टरांकडून साखर-रक्तदाबाची तपासणी.

ऊसतोडीच्या हंगामात माझ्या खोलीतली वयं बदलतात. बीडकडच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांना येतात, आणि छत्तीस-अडतीस वर्षांच्या बायका पन्नाशीची लक्षणं सांगतात. अंगातून वाफा, झोप नाही, पोट गच्च. "पिशवी काढलीया," त्या सहज सांगतात. २०१९ साली हा विषय राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांमध्ये १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंडाशयही काढले असतील तर पाळी जाण्याचे सगळे बदल शस्त्रक्रियेबरोबरच येतात. ठेवले असतील तरी ते काही वर्षं आधी येऊ शकतात. या बायकांना भाकरी-मिरचीपलीकडं ताटच नसतं, फडात संडास नसतो आणि मुक्काम हलत असतो. त्यांना मी आहाराचा कागद देत नाही. भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेले मूग जे कोपीत होतील ते, पाण्याची बाटली, आणि वाफांसाठी-हाडांसाठी डॉक्टरांची गाठ. एवढंच. ते पुरेसं नाही हे मला रोज दिसतं. त्यांच्या वयाला 'वयाचंच आहे' हे उत्तर देणं मला अन्याय वाटतो.

तिसरं उत्तर क्वचित येतं. जतकडच्या एका मावशींनी ते दिलं. वय बावन्न-त्रेपन्न, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. "सकाळी पण असंच टम्म असतंय. कमी होतच न्हाई. दोन घास खाल्लं की पोट भरतंय." किती दिवस? "दोन महिनं झालं आसतील." लघवीला सारखं जावं लागत होतं. नाडी वरचेवर पुढं घ्यावी लागत होती, पण हात बारीक झाले होते. गावातून गॅसच्या गोळ्या, मग कुणाकडून तरी बेंबी सरकली म्हणून तेल लावून चोळणं, असं सगळं झालं होतं. मी खाण्याचा एकही प्रश्न पुढं विचारला नाही. त्यांना घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ आणि पोटात पाणी दिसलं, रक्तातलं सीए-१२५ हे प्रथिन वाढलेलं होतं. पोटाच्या क्षयातही हेच चित्र दिसू शकतं आणि सीए-१२५ही वाढतं, आपल्या देशात तर हे लक्षात ठेवावंच लागतं, त्यामुळं पुढच्या तपासण्या होईपर्यंत आम्ही घरच्यांना काहीच ठामपणे सांगितलं नाही. मावशींचा निघाला तो अंडाशयाचा कर्करोग. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली. दोन केमोंच्या मध्ये त्या माझ्याकडं यायच्या तेव्हा आम्ही खाण्याबद्दल बोललो : थोडं-थोडं, दर दोन तासांनी, नाचणीची आंबील, उकडलेलं अंडं, मऊ भात-मुगाचं वरण.

अंडाशयाचा कर्करोग बहुतेकदा उशिरा सापडतो. सगळ्या बायकांची सरसकट चाळणी करून तो लवकर पकडता येईल अशी खात्रीची तपासणी नाही. म्हणून लक्षण ऐकण्यालाच महत्त्व आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०११ मध्ये तिथल्या डॉक्टरांना सांगितलं की पोट फुगलेलंच राहणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीची घाई यांतलं काही महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा होत असेल, विशेषतः पन्नाशीच्या पुढच्या बाईला, तर तपासणी करा. पोट फुगणाऱ्या शंभर जणींत बहुसंख्य ठीक असतात. त्यातली एखादी कोण, हे ओळखायला महागडं यंत्र नाही, आधी दोन मिनिटांचं ऐकणं लागतं.

मावशींच्या नंतर मी आमच्या डॉक्टरांशी बोलून चार प्रश्न एका कागदावर लिहिले आणि आसपासच्या गावांतल्या आशाताईंशी बोलायला लागले. सकाळी पोट खाली बसतं का? त्रास नवा आहे का, आणि रोज आहे का? दोन घासांत पोट भरतं का, वजन उतरतंय का? पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं का, किंवा शौचातून रक्त जातं का? पहिल्याचं उत्तर 'बसतं' आणि बाकीच्यांचं 'नाही' असेल तर घाई नाही, आहार आणि सकाळची पंधरा मिनिटं यांनी सुरुवात करा. तसं नसेल तर हिंगाचं पाणी देऊन वाट बघू नका, डॉक्टरांकडं पाठवा.

आशाताई घरोघरी जातात, बायकांच्या स्वयंपाकघरात बसतात, जे माझ्या खोलीत दार लावून विचारावं लागतं ते त्या चुलीजवळ विचारतात. गेल्या वेळच्या बैठकीत एकीनं वहीतून मान वर करून विचारलं, "मॅडम, पिशवी काढलेल्या बाईला पण हे विचारायचं का? ती तर म्हणते, माझं आता आत काही राहिलंच नाही." विचारायचंच, मी म्हणाले. पिशवी काढताना अंडाशय बऱ्याचदा ठेवलेले असतात आणि बाईला ते सांगितलेलं नसतं. तिला ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधायला सांगा, अंडाशय ठेवलेत की काढलेत ते त्यावर लिहिलेलं असतं. कार्ड सापडलं नाही तर तिला सोनोग्राफीसाठी घेऊन या.